काल्व्हादोसच्या मुलखात मामांसोबत पाच दिवस

पहिला दिवस, २१ नोव्हेंबर

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनावर गाडीची वाट बघताना मामांनी माकडटोपी कानांवर ओढून घेतली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "बाय, ज्या सफरचंदांची दारू करतत, ती खावक मेळतली मा?" मिळतील, पण आवडणार नाहीत, असं मी सांगितलं. त्यावर ते गप्प झाले. त्यांचं मन वेंगुर्ल्यात पोचलंय हे मला त्या गप्प होण्यावरूनच कळलं.

मामांची वेंगुर्ले तालुक्यात काजूची आणि हापूसची बाग आहे. दरवर्षी चैत्र-वैशाखात काजूची बी पिळून काढली की बोंडूंचे, म्हणजे काजूच्या फळांचे, ढीग झाडाखाली पडून राहतात. थोडे गुरं खातात, थोडे टेंपोत भरून गोव्याकडे जातात आणि उरलेले तिथेच कुजतात. लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलं की तो आंबूस, डोक्यात जाणारा वास सगळ्या परसात भरून असायचा. गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेच्या अलीकडे मात्र त्याच मातीतलं तेच फळ मातीला मिळतं. ही सल मामांनी आयुष्यभर बाळगली आहे. म्हणूनच ते माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा पॅरिस दाखवून झाल्यावर मी त्यांना नॉर्मंडीत न्यायचं ठरवलं. कुणी हातात घेऊन खाणार नाही अशा सफरचंदांवर, त्यांच्यापासून होणाऱ्या काल्व्हादोस या दारूवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे राहिले आहेत.

दोनेक तासांत लिझ्यूला उतरलो आणि भाड्याची मोटार घेतली. गाव मागे पडल्याबरोबर मुलूख बदलला. इथली शेतं मोकळी पसरलेली नाहीत. आपल्याकडे बागेला दगडी गडगा असतो तशी इथे प्रत्येक तुकड्याला झाडाझुडपांची उंच कुंपणं आहेत, आणि दोन कुंपणांच्या बोळातून रस्ता वळत जातो. चढण संपली की मधूनच एखादं घर दिसतं. त्याच्या भिंतींत लाकडी वासे उभे-आडवे बसवलेले आणि मधल्या जागा मातीच्या गिलाव्याने भरलेल्या. या भागाला पेई दोज म्हणतात. काल्व्हादोसच्या तीन मानांकित प्रदेशांपैकी हा सर्वांत नावाजलेला.

काल्व्हादोस हे मुळात जिल्ह्याचं नाव. फ्रेंच क्रांतीनंतर १७९० साली देशाचे नवे जिल्हे पाडले, तेव्हा ते ठेवलं गेलं. १५८८ च्या स्पॅनिश आरमारातलं एक जहाज इथल्या खडकांवर आपटलं, त्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन हे नाव पडलं, अशी कथा घरोघरी सांगतात. दुसरा तर्क असा की समुद्रातून दिसणाऱ्या बोडक्या खडकांना लॅटिनमध्ये जे म्हणायचे त्यातून ते आलं. मामांना जहाजाची गोष्ट आवडली. मला खडकांची जास्त खरी वाटते.

मुक्काम काँब्रमेरजवळच्या एका शेतघरात होता. रात्री घरमालकीणबाईंनी सायीत शिजवलेली कोंबडी वाढली. आधी तिच्यावर काल्व्हादोस ओतून पेटवलेला, मग साय आणि अळंबी. पहिला वाढा संपला आणि दुसरा यायच्या आत बाईंनी प्रत्येकापुढे इवलासा पेला ठेवला. त्यात सफरचंदाचं सरबत गोठवून केलेला गोळा होता आणि त्यावर चमचाभर काल्व्हादोस. याला म्हणतात त्रू नॉर्माँ, म्हणजे नॉर्मंडीचं भोक. जड जेवणाच्या मध्यावर पोटात जागा करायची, ही त्यामागची समजूत. पूर्वी सरबत नसायचं, नुसता पेला एका घोटात रिकामा करायचे.

शेवटी जे आलं त्याने मामा खुर्चीत सरळ झाले. मातीच्या खोलगट भांड्यात दूध, तांदूळ, साखर आणि दालचिनी, मंद भट्टीत पाचेक तास ठेवून आटवलेली. वर तपकिरी, जाड पापुद्रा. तिचं नाव तरगूल. आमच्याकडे श्राद्धाला होते त्या खिरीची ही लांबची बहीण, असं मी बाईंना सांगितलं. मामांनी बोलणं थांबवून भांड्याच्या कडेचा करपट पापुद्रा खरवडून घेतला. बाईंनी न विचारता भांडंच त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसरा दिवस, २२ नोव्हेंबर

पहाटेपासून भुरभुर पाऊस. बाईंचे भाऊ बागाईतदार आहेत. ते गमबूट घेऊन आले, मामांच्या मापाचेसुद्धा. आम्ही तिघे बागेत शिरलो आणि दहा पावलांवर मामा थबकले. पानं गळून गेलेल्या सफरचंदाच्या झाडावर हिरवेगार गोल गुंडे लटकत होते, पाच-सहा तरी.

"बाय, ह्यां बांडगूळ हयसरय पोचला?"

बांडगूळच होतं. आपल्या आंब्यावरचं वेगळ्या जातीचं, पण धंदा तोच. पक्षी फळं खातात, चिकट बी फांदीवर पुसतात आणि तिथून ते झाडाचं रक्त प्यायला लागतं. मामांनी खुणेनेच विचारलं, हे काढत का नाही? बागाईतदार म्हणाले, काढतो, पण झाडं उंच आणि माणसं कमी. हे वाक्य मी मराठीत सांगितलं, तेव्हा मामांनी नुसती मान हलवली. वेंगुर्ल्यातही हेच उत्तर मिळालं असतं.

ही जुन्या पद्धतीची बाग. झाडांची खोडं माणसापेक्षा उंच जाऊन मगच फांद्या फुटलेल्या आणि खाली कुरण. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी वर्तुळं असलेल्या नॉर्मंडी गाई तिथे चरतात. एकाच जमिनीतून दूध आणि सफरचंद अशी दोन पिकं निघतात. काढणीच्या दिवसांत गाईंना बाहेर काढायचं आणि फळ जमिनीवर पडू द्यायचं. झाडावरून तोडायची घाई कुणी करत नाही. पिकलं की ते आपसूक गळतं, उरलेलं काठीने हलवून पाडतात. सप्टेंबरअखेरीस सुरू झालेलं हे काम डिसेंबरपर्यंत चालतं, कारण प्रत्येक जातीची वेळ निराळी.

आणि जाती किती! शेकड्यांनी. बागाईतदारांनी गवतातून तीन फळं उचलून मामांच्या हातावर ठेवली. एक फ्रेकँ रूज, लालसर, लिंबापेक्षा थोडं मोठं. दुसरं राँबो. तिसरं बदाँ, पिवळट आणि डागाळलेलं. बाजारात यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. मामांनी फ्रेकँ दाताखाली धरलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. जीभ कोरडी, गाल आत ओढलेले. घास थुंकला नाही, हळूहळू चावून गिळला आणि म्हणाले, "आमचो बोंडू ह्याच्यापरीस गोड." मग दोन क्षणांनी, "पण घसो तसोच धरता."

ते बरोबरच होतं. बोंडू खाल्ल्यावर घसा खवखवतो तो त्यातल्या टॅनिनमुळे आणि हे सफरचंद तोंड आवळतं तेही टॅनिनमुळेच. ज्या गुणामुळे फळ खाण्यातून बाद होतं, तोच गुण पेयाला अंग देतो. सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसासाठी, चार तऱ्हांची सफरचंदं लागतात. गोड फळ साखर देतं, म्हणजे पुढे मद्यार्क. कडू आणि गोड-कडू फळं अंग आणि टिकाऊपणा देतात. आंबट फळ ताजेपणा देतं आणि रस बिघडू देत नाही. कुणाचं किती हे प्रत्येक घराचं गणित. आपल्याकडे मसाल्याचं प्रमाण जसं सासूकडून सुनेकडे जातं तसं ते इथे बापाकडून मुलाकडे जातं.

दुपारी रस काढताना पाहिला. फळं पाण्यातून वाहत येतात, किसली जातात, लगदा काही वेळ उघडा ठेवतात आणि मग दाबतात. यंत्र आजचं आहे, पण गोठ्याच्या कोपऱ्यात जुनं पडून होतं. ग्रॅनाइटची वर्तुळाकार पन्हळ आणि तिच्यात उभं दगडी चाक. घोडा गोल फिरायचा आणि चाकाखाली सफरचंदं चिरडायची. मामांनी त्या पन्हळीच्या काठावर हात फिरवला. "घाणो," एवढंच म्हणाले. तेलाच्या घाण्याला बैल, याला घोडा. लगद्याचे थर रचताना मधून मधून गव्हाचा पेंढा घालायचे, म्हणजे रस वाट काढत खाली येई. उरलेला चोथा गाईंना.

ताजा रस तपकिरी असतो. वर फेस, आधी मधासारखा गोड आणि मग तोच घसा धरणारा शेवट. त्यात साखर घालायला बंदी आहे. सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर तो आपला आपण आंबतो, थंडीत सावकाश, काही आठवडे. बाटलीत भरायच्या सायडरमध्ये थोडी गोडी राखतात. भट्टीला जायचा सायडर मात्र साखर पुरी संपेपर्यंत आंबू देतात. तो चाखला तर कोरडा, आंबट, जेमतेम पाच टक्के मद्यार्काचा. प्यायला त्यात सुख नाही.

तिसरा दिवस, २३ नोव्हेंबर

आजच्या दिवसासाठी आलो होतो. एका छोट्या घरगुती भट्टीवर सप्टेंबरच्या आगाप सफरचंदांचा सायडर आंबून तयार झाला होता आणि सकाळीच भट्टी पेटली होती. लाकडांवर. बहुतेक ठिकाणी आता गॅस आला आहे, पण काही घरांनी लाकूड सोडलेलं नाही.

लांबूनच वास आला. आधी ओल्या लाकडाच्या धुराचा, मग भाजलेल्या सफरचंदाचा आणि त्याच्या खाली आंबलेल्या भाकरीसारखा काहीतरी. मामांनी दारातच दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या मावशीचं घर पेडण्याकडे. तिथे त्यांनी लहानपणी भट्टी लागलेली पाहिली होती. बोंडू तुडवायचा कोळंबी नावाचा हौद, रसाचं भांडं, वाफ थंड करायला पाण्यातून नेलेली नळी, हे सगळं त्यांनी वाटेत मोटारीत मला पुन्हा सांगितलं होतं. आता त्यांच्यासमोर तांब्याची भली मोठी हंडी होती. वर कांद्यासारखा फुगीर घुमट, घुमटातून राजहंसाच्या मानेसारखी वळून खाली आलेली नळी. पुढे नळीची वेटोळी गार पाण्याच्या पिंपात बुडवलेली. आकार मोठा, तांबं लखलखीत, पण मामांना एकही भाग समजावून सांगावा लागला नाही.

पेई दोजच्या मानांकनाचा नियम असा की ऊर्ध्वपातन दोनदा व्हायला हवं आणि तेही अशाच हंडीत. पहिल्या फेरीत जे येतं त्याला इथे 'लहान पाणी' म्हणतात. मद्यार्क अठ्ठावीस ते तीस टक्के, किंचित गढूळ. ते साठवून पुन्हा हंडीत चढवतात. दुसऱ्या फेरीला नाव आहे 'चांगली आंच'. गोव्यात पहिल्या धारेचा हुर्राक आणि तो पुन्हा चढवला की फेणी, हे मी भट्टीवाल्यांना सांगितलं. त्यांनी कामातून मान वर केली आणि मामांकडे पाहिलं, एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे पाहावं तसं.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरी फेरी चालू होती. भट्टीवाले सत्तरीचे, मितभाषी. तोटीतून करंगळीएवढी धार पडत होती आणि तिच्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. सुरुवातीला येतो तो 'माथा', त्याला रंग-रोगणासारखा बोचरा वास असतो. तो वेगळा काढतात. मग 'हृदय', तेवढंच ठेवायचं. शेवटी 'शेपटी', उकडलेल्या भाज्यांसारखी जड. माथा आणि शेपटी पुढच्या घाण्यात पुन्हा घालतात, काही फुकट जात नाही. माथा संपून हृदय कुठे सुरू होतं ते सांगायला मापक आहे, पण त्यांनी आधी हाताचा खोलगा धारेखाली धरला, तळवे एकमेकांवर चोळले आणि नाकाशी नेले. थांबले. पुन्हा एकदा. मग तोटीखालचं भांडं बदललं आणि त्यानंतर काचेच्या नळकांड्यात मापक सोडून पाहिलं. मापकाने त्यांच्या नाकाचीच री ओढली.

मामांनी मला हळूच सांगितलं, एक बाटली माग. भट्टीवाल्यांनी छोटी बाटली अर्धी भरून दिली. मामांनी तिचं तोंड अंगठ्याने दाबलं, एकदाच जोरात हलवली आणि उजेडाकडे धरली. आत मोठाले बुडबुडे उठले आणि क्षणात विरले. दारू हलकी असती तर बुडबुडे बारीक होऊन काठाला रेंगाळले असते. फेणीच्या मुलखात अशीच पारख करतात, आणि फेणी हे नाव फेसावरूनच आलं असं तिथे मानतात. "कडक आसा," मामा म्हणाले. भट्टीवाल्यांनी न बोलता मापक वर उचलून दाखवलं. सत्तर. मग त्यांनी ती बाटली मामांच्या हातातून घेतली, स्वतः अंगठा लावून हलवली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

नियमाने बहात्तर टक्क्यांच्या वर जाता येत नाही. त्याहून चढवलं तर मद्यार्क उरतो आणि सफरचंद निघून जातं. हिशेब मामांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतला. साधारण अठरा किलो सफरचंदांचा तेरा लिटर सायडर, त्याचा सत्तर टक्क्यांचा एक लिटर. हा एक लिटर पाण्यासारखा नितळ असतो. त्याला अजून काल्व्हादोस म्हणता येत नाही.

फ्रान्समध्ये सायडरच्या ऊर्ध्वपातनाचा जुना आधार म्हणून याच नॉर्मंडीतल्या जिल द गुबेरव्हिल नावाच्या जमीनदाराच्या रोजनिशीचा दाखला देतात. त्यात १५५३ सालची नोंद आहे. शेतीचा जमाखर्च, पाहुणे, आजारपणं असं सगळं टिपणारा माणूस होता तो. त्यानंतर तीन शतकं हे पेय मुख्यतः गावातच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्राक्षवेलींवर फिलॉक्सेरा किडीचा घाला पडला, द्राक्षाची ब्रँडी दुर्मीळ झाली आणि सफरचंदाच्या दारूला पॅरिसच्या दुकानांत जागा मिळाली.

संध्याकाळी शेतघरात कॉफी आली. कप रिकामा झाल्यावर, तो अजून गरम असताना, तळाच्या साखरेवर बाईंनी थोडा काल्व्हादोस ओतला. कप विसळायला, म्हणून नाव रँसेत. मामांनी कप दोन्ही हातांत धरून विसळला आणि प्यायला.

चौथा दिवस, २४ नोव्हेंबर

सकाळ वाया गेली. एका मोठ्या तळघराची भेट मी महिनाभर आधी ठरवली होती, पक्की झाल्याचा निरोपही आला होता. पोचलो तर फाटक बंद. पाऊण तास पावसात उभे राहिलो, फोन कुणी उचलला नाही. मामा चकार शब्द बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला असं दारात उभं ठेवू नये.

तिथून ऑनफ्लर बंदराकडे गाडी वळवली. जुन्या गोदीभोवतीची उंच अरुंद घरं सगळेच बघतात. आम्ही सेंट कॅथरीनच्या चर्चमध्ये जास्त वेळ बसलो. पंधराव्या शतकात जहाज बांधणाऱ्या सुतारांनी ते उभारलं, संपूर्ण लाकडी. छताकडे पाहिलं की दोन गलबतं शेजारी शेजारी उलटी करून ठेवल्यासारखी वाटतात. मामांनी वासे मोजले.

दुपारी आदल्या दिवशीच्या भट्टीवाल्यांनाच फोन केला. सकाळची हकिगत ऐकून ते म्हणाले, इकडे या, माझं तळघर लहान आहे पण उघडं आहे.

तळघर म्हणजे खरं तर मातीच्या जमिनीची जुनी पागा. भिंती आणि छताच्या तुळया काजळी धरल्यासारख्या काळ्या. ती दारूच्या वाफेवर जगणारी बुरशी आहे. पिपांतून दरवर्षी थोडी वाफ लाकडाच्या छिद्रांतून उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. ओलसर जागेत मद्यार्क जास्त उडतो, कोरड्या जागेत पाणी. म्हणून तळघर कुठे आहे यावरसुद्धा चव ठरते.

नितळ दारू ओकच्या पिपात गेली की रंग धरू लागते. नव्या पिपात ती थोडेच महिने ठेवतात, नाहीतर लाकूडच बोलत राहतं. मग जुन्या पिपांत, वर्षानुवर्षं. पेई दोजला किमान दोन वर्षं. बाटलीवर 'व्हिए' किंवा 'रेझेर्व्ह' असेल तर तीन, 'व्हीएसओपी' असेल तर चार, 'ओर दाज' किंवा 'एक्सओ' असेल तर सहा. मिश्रणातल्या सर्वांत लहान दारूचं ते वय असतं. आतली बाकीची कितीतरी म्हातारी असू शकते.

त्यांनी काचेच्या लांब नळीने पिपांतून थोडं थोडं काढलं. गाडी मला चालवायची होती, म्हणून मी तोंडात घोळवून थुंकत होते. तीन वर्षांच्या दारूत कालच्या गवतातलं फळ अजून तसंच होतं, हिरवं, धारदार. बारा वर्षांच्या दारूत ते भाजलं होतं, त्याला लोणी आणि दालचिनी लागली होती. मग एका कोपऱ्यातलं, पट्ट्या गंजलेलं पीप. त्यातली दारू चहाच्या काढ्याच्या रंगाची. अक्रोड, जुनं कातडं, कपाटात राहिलेलं वाळकं फळ, आणि शेवटी, घोट संपून मिनिट झाल्यावर, पुन्हा सफरचंद.

"ह्यां पीप कोणी भरलां?" मामांनी विचारलं.

त्यांच्या वडिलांनी, १९६८ साली. वडील जाऊन तीस वर्षं झाली. या पिपातली दारू ते दरवर्षी थोडी काढतात आणि मिश्रणात घालतात. आपण स्वतः भरलेली पिपं कोपऱ्यात तशीच ठेवायची, असं त्यांनी ठरवलंय. मुलगी काँ शहरात शिकतेय. ती येईल की नाही हे अजून ठरलेलं नाही. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मामांनी पिपावर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा.

पेई दोजला १९४२ साली मानांकन मिळालं, जर्मन ताबा असताना. त्या काळात बिनमानांकित मद्यार्क लष्करी गरजेसाठी सरसकट उचलला जाई. मानांकनाने हे पेय त्यातून वाचवलं. दोन वर्षांनी, जून १९४४ पासून, याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या आणि महिनोन्‌महिने या कुंपणांमधून लढाई झाली. मागे राहिलेली पिपं कुणी अंगणात पुरली, कुणी गवताच्या गंजीत लपवली, असं भट्टीवाले सांगत होते. त्यांच्या आजोबांनी दोन पिपं खताच्या खड्ड्याखाली पुरली होती.

निघताना त्यांनी पोम्मोची बाटली दिली. न आंबलेला सफरचंदाचा रस आणि काल्व्हादोस एकत्र करून ओकमध्ये किमान चौदा महिने ठेवतात. मद्यार्क सोळा ते अठरा टक्के. गोड, आणि मामांना सर्वांत जास्त आवडलेलं. "बोंडूच्या रसाचां असां करूक येतलां?" असं त्यांनी रात्री झोपण्यापूर्वी विचारलं. मला सांगता आलं नाही.

पाचवा दिवस, २५ नोव्हेंबर

दक्षिणेकडे शंभरेक किलोमीटर, दोंफ्राँकडे. टेकडीवर पडका किल्ला आणि खाली नाशपातीचा मुलूख. या भागाच्या काल्व्हादोसला १९९७ साली वेगळं मानांकन मिळालं. सफरचंदांबरोबर निदान तीस टक्के नाशपाती हवी. भट्टी हंडीची नाही, उभ्या स्तंभाची, आणि ऊर्ध्वपातन एकदाच. पिपात किमान तीन वर्षं. चव पेई दोजपेक्षा हलकी, फुलांकडे झुकणारी.

पण मी इथे आले ती झाडांसाठी. नाशपातीची झाडं एवढी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. आपल्या जुन्या रायवळ आंब्याएवढी. कुरणात एकेकटी उभी, खोड दोघांच्या कवेत न मावणारं. दोनशे वर्षांची झाडं इथे नवलाची नाहीत. शंभर वर्षं वाढायला, शंभर जगायला, शंभर मरायला, असं इथले लोक त्यांच्याबद्दल म्हणतात. फळ इतकं तुरट की डुकरंही मागे सरतात. त्याचा प्वारे, म्हणजे नाशपातीचं फेसाळ मद्य, करतात किंवा भट्टीला देतात.

ज्यांच्या बागेत गेलो ते शेतकरी आणि त्यांच्या आई घराबाहेरच भेटले. आजी नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्या लहानपणी चाकांवरची भट्टी गावोगाव फिरायची. चौकात उभी राहिली की लोक आपापला सायडर घेऊन रांग लावायचे. शेतकऱ्याला घरच्या फळांची दहा लिटर शुद्ध मद्यार्काएवढी दारू करमुक्त काढायचा वंशपरंपरागत हक्क होता. पिएर मँदेस-फ्राँस १९५४ साली पंतप्रधान झाले, ते स्वतः नॉर्मंडीतल्याच अर जिल्ह्यातून निवडून आलेले. दारूच्या व्यसनाविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली, शाळांमधून मुलांना दूध दिलं आणि या हक्कावरही बोट ठेवलं. १९६० साली कायदाच बदलला. ज्यांना हक्क होता त्यांच्या हयातीपर्यंत तो राहिला, मुलांना मिळाला नाही. आजी म्हणाल्या, त्या निर्णयाने इथली किती झाडं पडली त्याची मोजदाद नाही, दारू गेली तर नाशपाती कुणासाठी राखायची? आणि लगेच म्हणाल्या, पण माझ्या मोठ्या दिराला दारूनेच खाल्लं, तेव्हा दूध वाटणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या.

अंगणात पोत्यात गुंडाळलेली नाशपातीची तीन कलमं पडली होती. आज सेंट कॅथरीनचा दिवस. या दिवशी लावलेलं कोणतंही झाड मुळं धरतं, अशी इथे म्हण आहे. काल ज्यांच्या चर्चमध्ये बसलो होतो, त्याच या कॅथरीन. मी मामांना हे सांगेपर्यंत त्यांनी कोट काढून कुंपणावर टाकला होता.

खड्डा तयार होता. शेतकऱ्याने एका बादलीत माती, शेण आणि पाणी कालवलं आणि कलमाची उघडी मुळं त्यात बुडवली. मामा हसले. या सबंध प्रवासात पहिल्यांदाच असे मोकळे हसले. "शेणकालो!" त्यांनी बाही वर सारली, हात बादलीत घातला आणि काला मुळांच्या बेचक्यांत बोटांनी नीट भरला. शेतकऱ्याने कलम धरलं, मामांनी माती लोटली. जोड मातीच्या वर राहील याची दोघांनीही एकाच वेळी खूण केली. पश्चिमेच्या वाऱ्याच्या अंगाला खांब ठोकला, सुतळीने आठाच्या आकड्यासारखा सैल फास बांधला.

"फळ कधी धरतला?" मामांनी विचारलं.

पंधरा-वीस वर्षांनी. भरात यायला आणखी कितीतरी. त्या फळाचा सायडर, त्याची दारू, मग पीप. शेतकरी पंचावन्नचे, मामा अडुसष्ट. आजी दारातून बघत होत्या.

मामांनी बुटाच्या टाचेने बुंध्याभोवती माती गोल दाबली आणि बोटांनी छोटं आळं केलं. पाऊस पुन्हा लागला होता. तरी त्यांनी वर बघून मला विचारलं, "बाय, पाणी खंय आसा?" मी फ्रेंचमध्ये सांगायच्या आत शेतकऱ्याने दुसरी बादली त्यांच्याकडे सरकवली.